आभाळातून आलेलं जातं

ते झाकण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्याखाली हुलगे होते. चुलीमागच्या फळीवर मातीचं गाडगं आणि त्यावर तळहाताहून थोडी मोठी, काळवंडलेली धातूची चकती. १९९७ चा उन्हाळा होता. गावच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागून मला दोन वर्षं झाली होती आणि थकलेली वर्गणी मागत मी दारोदार फिरत होते. त्या घरचा वाचक म्हणजे नातू, तो घरी नव्हता. होत्या फक्त जिजी, वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी गूळपाणी दिलं, हुलगे काढायला झाकण उचललं आणि "धर जरा" म्हणून माझ्या हातात दिलं. वजनदार लागलं. उलटून पाहिलं तर त्यावर हातात पानांचं कडं धरलेली एक बाई, तिच्यासोबत सिंह, आणि एका चौकोनात उठावाच्या इंग्रजी अक्षरांत नाव. आपल्याकडचं, मराठी माणसाचं नाव.

"राणीचा बिल्ला हाय त्यो," जिजी म्हणाल्या. "बा बसऱ्याला गेल्ता. मी तवा आईच्या पोटात हुते. बा आला न्हाई, ह्यो आला."

मी नाव मोठ्यानं वाचलं. जिजींनी पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. बापाचं नाव त्या बिल्ल्यावर आहे हे एवढ्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कडेगाव आणि खटाव तालुक्यांच्या शिवेजवळ. १९४९ पर्यंत हा सगळा एकच सातारा जिल्हा होता. मग तो तुटला, आमचा भाग 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० साली सांगली. लष्कराच्या जुन्या कागदांवर मात्र आमची माणसं 'जिल्हा सातारा' म्हणूनच आहेत. त्यामुळं सांगलीत चौकशी केली की साताऱ्याला जा म्हणतात आणि साताऱ्याला गेलं की सांगलीला. पाऊस कमी, जमीन हलकी. घरटी एक पोरगा गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी आटवायला मुलखाबाहेर, आणि एक पलटणीत, ही इथली जुनी वाटणी. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर गावाच्या नावापुढं 'मिलिटरी' लावतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. आमच्या चावडीच्या भिंतीतही संगमरवराची एक पाटी बसवलेली आहे. या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले, एवढाच मजकूर. दोन आकडे, नाव एकही नाही.

मी मिरजेची. लग्न होऊन या गावात आले तोपर्यंत लढाईचं पुस्तक मी हौसेनं कधी उघडलं नव्हतं. माझा ओढा कादंबऱ्यांकडं आणि आत्मचरित्रांकडं. वाचनालयात मात्र मी येण्याआधी वर्षभर कराडच्या एका निवृत्त मेजरसाहेबांच्या घरून दोन काळ्या लोखंडी ट्रंका भेट आल्या होत्या. आत सगळी इंग्रजी पुस्तकं, बहुतेक लष्करी इतिहासाची. ब्रिगेडियर दळवींचं 'हिमालयन ब्लंडर' होतं, लेफ्टनंट जनरल थोरातांचं 'फ्रॉम रिव्हेली टू रिट्रीट' होतं, फिलिप मेसनचं 'अ मॅटर ऑफ ऑनर' होतं. इंग्रजी कोण वाचणार, रद्दीला घाला, असं वाचनालयाच्या मंडळातल्या काहींचं म्हणणं पडलं. मला त्या पुस्तकांबद्दल प्रेम नव्हतं, पण न बघता रद्दीत घालणं पटेना. मी प्रत्येकाला दाखल क्रमांक दिला, शिक्के मारले आणि चौथ्या कपाटात लावून टाकली. जिजींच्या घरून परत आले त्या संध्याकाळी ते कपाट मी पहिल्यांदा वाचायला म्हणून उघडलं.

बसरा एवढाच धागा हातात होता. आमच्याकडची जुनी माणसं इराकातल्या त्या सगळ्या मोहिमेला 'बसरा' म्हणत. पण कुठली पलटण? बिल्ल्यावर ते नसतं. पहिल्या महायुद्धात साम्राज्याच्या फौजेत मेलेल्यांच्या वारसांना अशी काशाची चकती पाठवली गेली आणि तिच्यावर मुद्दाम हुद्दा घातला नाही. सेनापती असो की शिपाई, नाव तेवढं. पलटण शोधायची तर पदक हवं, कारण पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. हे मला ट्रंकेतल्याच एका पुस्तकातून कळलं.

जिजींकडं पदकं दोन होती. एक चांदीचं. ते बहात्तरच्या दुष्काळात गेलं. गावातलीच गलाईची माणसं, त्यांनी वजन करून आटवलं. यात त्यांचा दोष काढायला मी बसलेली नाही. त्या साली घरात दाणा नव्हता आणि चांदी चांदीच असते. या पट्ट्यातल्या किती घरांच्या पलटणी अशा मुशीत आटून गेल्या असतील, हा विचार मात्र मला अजून सुटत नाही. दुसरं पदक काशाचं, पंखांच्या देवीचं. त्याला मोल आलं नाही म्हणून ते राहिलं. जिजींच्या ट्रंकेच्या तळातून काढून चिंचेनं घासलं, भिंगाखाली धरलं. नंबर, शिपाई, नाव, ११७ मराठाज.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण ११७ मराठाज कुठं होती ते तोवर मला माहीत झालं होतं.

कूत हे तैग्रीस नदीच्या वळणातलं एक गाव. तीन बाजूंना नदी. जनरल टाउनशेंडची सहावी डिव्हिजन, जिला 'पूना डिव्हिजन' म्हणत, बगदादच्या वाटेवरून मागं हटत १९१५ च्या डिसेंबरात या गावात शिरली आणि तुर्कांनी वेढा घातला. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. वेढा जवळपास पाच महिने चालला. तो फोडायला बाहेरून आलेल्या फौजेची तेवीस हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ ला तेरा हजारांच्या आसपास माणसांनी शस्त्रं खाली ठेवली. पुढं हिंदी कैद्यांना वाळवंटातून रास अल-ऐनकडं चालवत नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. चालता चालताच कितीतरी गेले.

हे जिजींना कसं सांगायचं? चार दिवस मी गेलेच नाही. मग एका संध्याकाळी ए. जे. बार्करचं 'द नेग्लेक्टेड वॉर' आणि मेजर सँडिसचं 'इन कूत अँड कॅप्टिव्हिटी' ही दोन्ही पुस्तकं पिशवीत घालून गेले. सोप्यात बसून वाक्य वाचायचं, मराठीत सांगायचं, असं सुरू केलं. तोफा, खंदक, नदीचा पूर. जिजी ऐकत होत्या, पण त्यांचं मन त्यात नव्हतं. इतका वेळ त्या शेंगा फोडत होत्या.

मग जेवणाचा मजकूर आला. वेढ्यातला गहू संपत आला तेव्हा जव सापडले. पण जव दळायचे कशावर? तेव्हा बाहेरच्या छावणीतून विमान पाठवून जात्याचे दगड वरून टाकण्यात आले. विमानं तेव्हा नुकती कुठं उडायला लागलेली, कापड आणि लाकडाची. त्यांतून पुढं पिठाची पोतीही टाकली. वेढ्यातल्या फौजेला आकाशातून रसद पोचवायचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न.

जिजींचे हात थांबले.

"जातं? इमानातनं?"

"होय जिजी. जात्याचे दगड."

"टाकी लावून धाडलं हुतं का तसंच?"

मी पुस्तकाकडं पाहिलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"इचारते अशासाठी," जिजी म्हणाल्या, "बिनटाकीच्या जात्यावर दळलं की पीठ भरड ऱ्हातं. जवाचं पीठ, त्यात भरड. पोटात दुखून मरंल मानूस. वडार हुता का त्यांच्यात कोन? टाकी लावायला?"

कूतच्या वेढ्यावर इंग्रजीत कितीतरी पुस्तकं आहेत. सेनापतीचं चुकलं कुठं, मदत उशिरा का आली, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. त्यातल्या कुणी हा प्रश्न विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. जातं आयुष्यभर ओढलेल्या बाईलाच तो सुचला. आणि त्या प्रश्नासरशी तो वेढा माझ्यासाठी खरा झाला. तोपर्यंत मीही नकाशावरचे बाण बघत होते. आता मला पीठ दिसलं, हातावर घेऊन चिमटीत चोळून पाहणारा एक खटावकडचा शिपाई दिसला.

पुढं घोड्याच्या मांसाचा मजकूर आला. घोडे कापायला लागले तेव्हा गोऱ्या पलटणींनी ते खाल्लं, हिंदी शिपायांनी बरेच दिवस नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवले, तरी कितीतरी जणांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत हात लावला नाही. अंगात रक्त राहिलं नाही, हिरड्या सुजल्या. इंग्रज लेखक याकडं हट्ट म्हणून बघतात. जिजी शांतपणे म्हणाल्या, "खाल्लं अस्तं तर भावकीनं वाळीत टाकलं अस्तं. पोरीला कोन पत्करनार हुतं?" ती पोरगी म्हणजे त्या स्वतःच. बापानं खाल्लं की नाही हे कुठल्याच पुस्तकात नाही. पण आपल्यासाठी त्यानं खाल्लं नसावं, असं जिजींनी त्या संध्याकाळी ठरवून टाकलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाप या शब्दाला त्यांच्याकडं तोवर बिल्ला सोडून दुसरं काहीच नव्हतं.

लष्करी इतिहास कशासाठी वाचायचा, असं मला त्यानंतर पुष्कळांनी विचारलं. मी हा प्रसंग सांगते.

त्या वर्षी दिवाळीला माहेरी गेले आणि वडिलांच्या कपाटातले वासुदेवशास्त्री खऱ्यांचे 'ऐतिहासिक लेखसंग्रह' बाहेर काढले. खरेशास्त्री मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली हजारो पत्रं त्यांनी वाचली, उतरवून घेतली, आणि पदरची ओढाताण सोसून खंडामागून खंड छापला. आमचे वडीलही शिक्षक. शास्त्रीबोवांचं नाव ते उभं राहून घेतल्यासारखं घ्यायचे. लहानपणी मी ते खंड चाळले होते आणि कंटाळून ठेवून दिले होते. लढाई म्हणावी तर तलवारीचा खणखणाट कुठंच नाही. दाणा महाग झाला, वैरण मिळत नाही, शिलेदारांचा रोजमुरा थकला, जनावरं मेली, पाऊस लागून राहिला. पानोपानी हेच.

आता तेच पान तोंडातला घास थांबवून वाचायला लागले. पत्रं लिहिणारी माणसं छावणीत बसून मिरजेला, तासगावला लिहीत होती. संध्याकाळपर्यंत जनावराच्या तोंडात काय घालायचं ही त्यांची लढाई. परशुरामभाऊ पटवर्धन टिपूच्या मुलखात धारवाडच्या किल्ल्याला सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत वेढा घालून बसले होते. मदतीला कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी होती. त्या तुकडीतल्या एडवर्ड मूर नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं १७९४ मध्ये लंडनला त्या मोहिमेचं पुस्तकही छापलं. म्हणजे एकाच मोहिमेकडं दोन खिडक्यांतून बघता येतं. परक्याला मराठी फौज कशी दिसली ते मूर सांगतो. फौजेला आतून काय लागत होतं ते पटवर्धनी कागद सांगतात. मला विचाराल तर दोन्ही हवेत, पण आधी कागद. साताऱ्यात १८१८ ते १८२२ कारभार बघताना ग्रँट डफनं केवढे तरी कागद जमवले आणि १८२६ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाचे तीन खंड काढले. काम प्रचंड, त्याचं ऋण आहेच. तरी त्याच्या लढाया वाचताना टेकडीवरून बघितल्यासारखं वाटतं. माणसं मुंग्यांएवढी दिसतात. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' हातात घेतलं की दिल्लीकडची वाट तुटलेली, भुकेली छावणी समोर येते आणि १४ जानेवारीची सकाळ कशी उजाडली असेल ते कळायला लागतं.

गावात मात्र वेगळाच प्रश्न होता. मी लष्करी पुस्तकं वाढवायला लागले, कूतबद्दल लोकांना सांगायला लागले, तसं मंडळातल्या एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "वहिनी, पोरांची डोकी आधीच भरतीनं फिरलीत. त्यात लढाईची पुस्तकं कशाला?"

त्यांची काळजी खोटी नव्हती. आमच्याकडं पहाटे साडेचारला रस्त्यावर पोरांचे पाय वाजतात. सोळाशे मीटरचा सराव. कराड, विटा, सातारा, सगळीकडं भरतीच्या अकॅडम्या निघाल्या आहेत. शेती पुरत नाही आणि वर्दीला मान आहे. पोरं माझ्याकडं येतात ती आधी सामान्य ज्ञानाच्या पुस्तकासाठी. परमवीर चक्र कुणाला, कुठल्या साली, एवढं पाठ करायला. रामा राघोबा राणे हे नाव त्यांना येतं, १९४८ येतं. मी विचारते, "त्यांनी केलं काय?" गप्प. मग मी पुस्तक उघडून देते. राणे इंजिनिअर पलटणीतले. नौशेराकडून राजौरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर शत्रूनं सुरुंग पेरलेले, झाडं आडवी टाकलेली. ८ एप्रिलपासून चार दिवस, जखमी असताना, गोळीबार चालू असताना, हा माणूस रस्ता मोकळा करत गेला म्हणून रणगाडे पुढं जाऊ शकले. परमवीर मिळालं ते रस्ता केल्याबद्दल. पोरांचे चेहरे इथं बदलतात. शौर्य म्हणजे काय याबद्दल फोनवर बघितलेलं काहीतरी त्यांच्या डोक्यात असतं, ते जरा हलतं.

नुसत्या आरोळ्यांची पुस्तकंही बाजारात भरपूर आहेत. प्रत्येक पानावर रक्त सळसळतं आणि एकाही पानावर कुणाच्या पायाला फोड येत नाही. ती मी मागवत नाही. हा माझा पक्षपात आहे आणि मी तो लपवत नाही. उद्या बर्फात उभं राहणार असलेल्या पोराला बूट ओले झाले की काय होतं ते ठाऊक असलं पाहिजे. दळवींचं पुस्तक यासाठी मी चारचारदा वाचून दाखवलं आहे. १९६२ ला नामका चूच्या काठी त्यांची ब्रिगेड होती. पुरेसे गरम कपडे नाहीत, दारूगोळा नाही, आणि वरून हुकूम. ते स्वतः कैद झाले आणि सुटून आल्यावर त्यांनी हे लिहिलं. असं पुस्तक वाचून एकही पोरगा भरतीला जायचा राहिला नाही. पण त्यातले दोन-तीन जण सुट्टीवर आले की आजही कपाटाशी येऊन उभे राहतात आणि नवं काय आलं विचारतात. एकानं सियाचीनवरून उतरून आल्यावर एवढंच सांगितलं की तुम्ही वाचलेलं ते थंडीचं पान आठवत होतं.

युद्ध फक्त खंदकात होत नाही हे दाखवणारं पुस्तकही आमच्या घराजवळचंच निघालं. देवराष्ट्रे आमच्यापासून लांब नाही. यशवंतराव चव्हाणांचं ते जन्मगाव. चीनच्या युद्धात, नोव्हेंबर १९६२ मध्ये, त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं आणि १९६५ चं पाकिस्तानचं युद्ध त्यांच्या काळात झालं. त्या दिवसांत ते रोजनिशी लिहीत. त्यांचे सचिव राहिलेले राम प्रधान यांनी ती संपादित करून २००७ मध्ये इंग्रजीत पुस्तक केलं. आमच्याच दुष्काळी मातीतला, बोलण्यात आपल्यासारखा माणूस दिल्लीत दिवसाच्या शेवटी कागदावर काय उतरवतो हे वाचताना मला फार जवळचं वाटलं.

आणि मग आमच्या घरातली लढाई.

माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायचे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ही जंगी पलटण, १७६८ सालची. मामा रोज सकाळी वाचनालयात येत, पेपर वाचत, घडी घालून ठेवत आणि जात. पुस्तकाच्या वाटेला कधी गेले नाहीत. १९७१ ला ते बांगलादेशात होते एवढं घरात माहीत होतं. विचारलं की म्हणत, "झालं ते झालं." आत्याबाईंनाही, म्हणजे माझ्या सासूबाईंनाही, त्यांनी कधी काही सांगितलं नव्हतं.

एकदा एका पुस्तकात मला जमालपूर सापडलं. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली पहिली मराठा ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागं गेली आणि टांगाइलचा रस्ता अडवून बसली. आतल्या पाकिस्तानी पलटणीला शरण येण्याबद्दल भारतीय ब्रिगेडियरनं पत्र पाठवलं. ते घेऊन गेले मुन्शी नावाचे एक गृहस्थ, सायकलवरून. उलट आलेल्या पत्रात गोळी गुंडाळलेली होती. १० डिसेंबरच्या रात्री ती पलटण वेढा फोडून निघाली आणि मराठ्यांनी अडवलेल्या रस्त्यावर सापडली. सकाळपर्यंत त्यांची दोनशेहून अधिक माणसं पडली होती.

मी ते घरी आणलं आणि जेवणं झाल्यावर वाचून दाखवलं. मामा भिंतीला टेकून बसले होते. पत्राचा आणि गोळीचा भाग आला तेव्हा ते म्हणाले, "ते आमाला मागनं कळलं." मग बराच वेळ काहीच नाही. मी वाचत राहिले. संपल्यावर ते म्हणाले, "सगळं बरोबर लिवलंय. पर ह्यात थंडी न्हाई."

"म्हणजे?"

"नदी उतरल्यावर कापडं वाळलीच न्हाईत. वल्ल्या कापडात पडून हुतो. बोटं अशी झाल्ती." त्यांनी हाताची मूठ अर्धी मिटून दाखवली. "आनि सकाळी समोर जी पडल्याली, ती बी आमच्याच वयाची पोरं."

आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. लग्नाला तेव्हा चाळीस वर्षं होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी मामा वाचनालयात आले ते पेपरकडं गेले नाहीत. ते पुस्तक मागून घेतलं, बाकावर बसले आणि शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली. शेवटचं कोरं पान उघडून त्यांनी नावं लिहायला सुरुवात केली. त्यांच्या बरोबरचे, परत न आलेले. नाव, गाव, तालुका. एखाद्या नावापाशी थांबायचे, डोळे मिटायचे, मग लिहायचे. वाचनालयाच्या पुस्तकावर काहीही लिहू नये अशी पाटी त्यांच्या डोक्यावरच लावलेली होती. ती मीच रंगवून घेतली होती. मी टेबलाशी बसून देवघेवीच्या नोंदी करत राहिले आणि मध्ये बोलले नाही. ते पान अजून आहे. पेन्सिल पुसट होईल म्हणून मी त्याची नक्कल दाखल नोंदवहीत, त्या पुस्तकाच्या शेऱ्याच्या रकान्यात, शाईनं करून ठेवली आहे.

नावं लिहून ठेवणं किती महत्त्वाचं, हे मला पुढं बसऱ्याच्या स्मारकाबद्दल वाचताना फार लागलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर किंवा चिता कुठं ते ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचं ते स्मारक. इंग्रज शिपायांची नावं दगडावर घातली. हिंदी फौजेतल्या अधिकाऱ्यांची घातली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे घातले. आमच्या चावडीतल्या पाटीसारखेच. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं स्वतःच्या चौकशीचा अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला. किमान १,१६,००० जणांची, त्यात बहुतांश पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधली माणसं, नावानिशी आठवण ठेवलेलीच नाही, असं त्यात आहे. अहवालाची बातमी वाचली त्या दिवशी मी जिजींच्या घरी गेले. जिजी २००१ सालीच गेल्या होत्या. सून होती. तिनं देव्हारा दाखवला. जिजी गेल्या तेव्हा तिनं ती चकती गाडग्यावरून काढली, धुतली आणि देवांच्या टाकांशेजारी ठेवली. बसऱ्याच्या दगडावर जे नाव नाही ते तिथं हळदीकुंकवात होतं.

शिपायाचा स्वतःचा आवाज आपल्याकडं का उरला नाही, याचं दुःख मला कायम राहील. फ्रान्सच्या आघाडीवरच्या हिंदी शिपायांची पत्रं सरकारनं उघडून, इंग्रजीत भाषांतर करून तपासली, म्हणून त्यांतली थोडी राहिली. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांचा संग्रह काढला. ती पत्रंही आपल्यापर्यंत येतात ती सेन्सॉरच्या इंग्रजीतून. मूळ अक्षर गेलं. मराठ्यांच्या पलटणींचा, कूतचा, पूर्व आफ्रिकेतल्या केरेनचा, इटलीचा सविस्तर इतिहास इंग्रजीत आहे आणि बहुतेक अधिकाऱ्यांनी लिहिलेला. ज्यांच्या घरातली माणसं त्यात आहेत त्यांना तो वाचता येत नाही. माझी निम्मी नोकरी टेबलापलीकडच्या माणसाला वाक्य वाक्य मराठीत सांगण्यात गेली. एखाद्या म्हाताऱ्यानं पदक आणायचं, मी भिंग काढायचं, कडेवरची पलटण वाचायची, कपाट उघडायचं. कुणाचं केरेन निघालं, कुणाचा इटलीतल्या सेनिओ नदीचा काठ. इटलीत १९४४ आणि १९४५ मध्ये यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघा मराठ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते सगळ्यांना सांगता येतं. पण त्याच इटलीत ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांची सुना-नातवंडं माझ्याकडं येतात, आणि त्यांना हवी असते फक्त जागा. नकाशावर बोट ठेवून, इथं, असं म्हणता येईल अशी जागा.

मागच्या महिन्यात मेसोपोटेमियाच्या मोहिमेवरचं आणखी एक पुस्तक आलं. जिजींच्या नातवानं कोईमतूरहून पाठवलेल्या पैशांतून घेतलेलं. तो तिकडं गलाईत आहे. पुडकं फोडलं आणि दाखल क्रमांक द्यायच्या आधी शेवटची सूची काढली. वेढा होता, जव होते, पीठ होतं, पिठापाशी तीन पानांचे आकडे होते. तिन्ही पानं उघडली. दगड विमानातून टाकल्याचं एका वाक्यात होतं. टाकीचं काही नव्हतं. मी शिक्का मारला, क्रमांक घातला आणि पुस्तक चौथ्या कपाटात लावलं.